परदेशातून घरची ऑनलाइन खरेदी : निर्बंधित इंटरनेट असलेल्या देशात जाण्यापूर्वीची तयारी, टप्पे आणि नेहमीच्या चुका

चीनमधल्या ग्वांगझूच्या कँटन व्यापारी मेळ्याला जाणारे जालन्याचे व्यापारी, वैद्यकीय शिक्षणासाठी चीन किंवा रशियात गेलेली लातूर-नांदेडची मुले आणि दुबई-शारजात नोकरीला असलेले बीड-परभणीकडचे तरुण या सर्वांची तक्रार जवळपास एकच असते. ॲप उघडते, वस्तू दिसते, घरचा पत्ताही टाकता येतो, परंतु पैसे भरण्याच्या पानावर आले की सगळे अडते. मग दोष तिथल्या नेटचा आहे असे धरून मंडळी घाईघाईने एखादे फुकटचे व्हीपीएन (आपले खरे ठिकाण झाकून दुसरीकडून नेट वापरत असल्याचे दाखवणारे ॲप) उतरवून घेतात, त्यामुळे बँक अधिकच सावध होते, आणि शेवटी कार्ड बंद पडते ते परत येईपर्यंत.

बहुतेक वेळा नेट हे अडण्याचे दुय्यम कारण असते. मुख्य कारण असे की ओटीपी ज्या सिमवर यायचा ते सिम फोनमध्ये नसते, किंवा असले तरी त्यावर रोमिंग सुरू केलेले नसते. हे काम भारतातून निघण्यापूर्वीच करावे लागते; तिथे पोहोचल्यावर त्यातले निम्मे करता येत नाही. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

## टप्पा १ : जाणार त्या देशात नेमके काय बंद आहे ते पाहणे

सर्व देशांतील निर्बंध सारखे नसतात, आणि "चीनसारखेच असेल" असे धरून केलेली तयारी दुबईत कामाची ठरत नाही.

चीनच्या मुख्य भूमीत स्थानिक सिमवर किंवा हॉटेलच्या वायफायवर गुगल, जीमेल, यूट्यूब, व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम चालत नाहीत. हाँगकाँग आणि मकाव यांना ही बंदी लागू नाही. आपले भारतीय खरेदीचे ॲप तिथे थेट बंद नसले तरी ते लंगडे चालते, आणि त्याचे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अनेक ॲप व संकेतस्थळे आतून गुगलच्या सेवांवर अवलंबून असतात. "गुगलने लॉगिन करा" हे बटण, "मी यंत्रमानव नाही" ही चौकट, नकाशावरचा पत्ता आणि अँड्रॉइड फोनवर वर सरकत येणाऱ्या सूचना या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. त्यामुळे पान अर्धे उघडते, गोल चक्र फिरत राहते, आणि वापरणाऱ्याला वाटते की नेट हळू आहे. प्ले स्टोअरही उघडत नसल्याने ॲप अद्ययावत करता येत नाही आणि चुकून काढून टाकलेले ॲप परत घेता येत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत खरेदीची संकेतस्थळे व व्हॉट्सॲपचे लेखी संदेश चालतात. बंद असते ते व्हॉट्सॲपवरचे बोलणे. म्हणजे घरच्यांना कोड फोनवर विचारायचा तर साधा कॉल करावा लागतो. रशियात फेसबुक व इन्स्टाग्राम मार्च २०२२ पासून बंद आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सॲपच्या कॉलवर निर्बंध आले. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून तिथे परदेशी सिमचा मोबाइल डेटा आणि एसएमएस देशात शिरल्यावर पहिले २४ तास थांबवले जाऊ लागले. रशियात उतरल्या दिवशीच पैसे भरण्याचा बेत म्हणूनच करू नये.

सावधान : व्हीपीएन हा तांत्रिक प्रश्न असण्यापूर्वी कायद्याचा प्रश्न आहे. चीनमध्ये परवानगी नसलेले व्हीपीएन वैध नाही. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी अशा साधनाने आयपी पत्ता (नेटवरची आपल्या जोडणीची ओळख) झाकल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंड सांगितला आहे. कूलरची मोटर किंवा आईचा मिक्सर मागवण्यासाठी या भानगडीत पडण्याचे कारण नाही, कारण यापेक्षा सरळ आणि कायदेशीर वाट उपलब्ध आहे. ती पुढच्या टप्प्यात दिली आहे.

## टप्पा २ : भारतीय सिम आणि रोमिंग (निघण्यापूर्वी पंधरा दिवस)

सगळ्या प्रक्रियेचा कणा हाच टप्पा आहे आणि लोक चुकतात तेही इथेच.

भारतीय सिमवर परदेशात रोमिंग डेटा वापरला जातो तेव्हा तो साधारणपणे तिथल्या टॉवरवरून आपल्या भारतीय कंपनीच्या जाळ्यापर्यंत येतो आणि तिथून पुढे इंटरनेटवर जातो. त्यामुळे चीनमध्ये असतानाही भारतीय सिमच्या रोमिंगवर गुगल, जीमेल आणि व्हॉट्सॲप सहसा उघडतात, आणि आपले खरेदीचे ॲप व बँक यांना आपण भारतीय जाळ्यातून आल्यासारखे दिसतो. वेगळे कोणतेही साधन लागत नाही. रोमिंग महाग पडते हे खरे, पण खरेदीसाठी ते दिवसभर चालू ठेवायचे नसते. दहा मिनिटे पुरतात.

तयारी पुढील क्रमाने करावी.

१. बँकेत, खरेदीच्या खात्यात आणि आधारला कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ते एका कागदावर लिहून काढावे. अनेक घरांत बँकेला वडिलांचा क्रमांक, आधारला स्वतःचा आणि खरेदीच्या ॲपला दोन वर्षांपूर्वी बंद केलेला क्रमांक असतो. हे तिन्ही एकाच चालू सिमवर आणावेत.

२. ते सिम जुने, झिजलेले असेल किंवा ई-सिम (वेगळी चकती न बसवता फोनमध्येच उतरवले जाणारे सिम) करून घ्यायचे असेल तर ते काम किमान आठवडाभर आधी उरकावे. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएसची ये-जा बंद ठेवली जाते. निघायच्या आदल्या दिवशी सिम बदलणारा माणूस विमानतळावर ओटीपीशिवाय उभा राहतो.

३. कंपनीच्या अधिकृत ॲपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करावे आणि जाणार त्या देशाचा पॅक घ्यावा. पॅक घेताना त्यात तो देश खरोखर आहे का, हे यादीत नाव शोधून पाहावे. हाँगकाँगचा पॅक चीनला चालेलच असे नाही.

४. प्रीपेड असल्यास मूळ रिचार्जची मुदत परत येण्याच्या तारखेच्या पुढे जाईल असे पाहावे. रोमिंग पॅक शिल्लक आणि मूळ रिचार्ज संपलेला, अशा स्थितीत अडलेले प्रवासी कमी नाहीत.

५. दोन सिमच्या फोनमध्ये भारतीय सिम एका खाचेत कायम ठेवावे आणि दुसरीत स्थानिक सिम किंवा प्रवासी ई-सिम घ्यावे. डेटासाठी दुसरे आणि एसएमएससाठी भारतीय, अशी विभागणी फोनच्या सेटिंगमध्ये करता येते.

वर्षा-दोन वर्षांसाठी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक स्वतंत्र सूचना. भारतीय सिम सलग ९० दिवस अजिबात वापरले गेले नाही तर ते बंद होऊ शकते आणि कालांतराने तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग आपल्या मुलाच्या बँकेचे संदेश परक्या माणसाला जाऊ लागतात. मुलाने सिम घरीच ठेवून जायचे ठरवले असेल, तर ते आईवडिलांच्या जुन्या फोनमध्ये चालू ठेवून वेळेवर रिचार्ज करीत राहावे.

तपासणी : विमानात बसण्यापूर्वी फोनच्या सिम सेटिंगमध्ये भारतीय सिमसमोर "रोमिंग" आणि "मोबाइल डेटा" हे दोन वेगवेगळे खटके आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. एसएमएस येण्यासाठी डेटा चालू असण्याची गरज नसते. पैसे वाचवण्याच्या नादात डेटाऐवजी सिमच बंद करणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एप्रिलातल्या मेळ्यासाठी ग्वांगझूला असताना घरून फोन आला की कूलरची मोटर जळाली आहे आणि गावातल्या दुकानात ती मिळत नाही. हॉटेलच्या खोलीत बसून मोटर शोधली, पत्ता टाकला, कार्ड निवडले आणि ओटीपीची वाट पाहत राहिलो. तीन वेळा पाठवायला लावला. चौथ्या खेपेला लक्षात आले की विमानतळावर घेतलेले स्थानिक सिम बसवताना भारतीय सिम काढून पासपोर्टच्या खिशात ठेवले होते, आणि ट्रे उघडायची पिन कुठे गेली होती कोण जाणे. शेवटी खोलीतल्या शिवणकामाच्या डबीतली सुई उपयोगी पडली. सिम बसले तेव्हा आधीचे तिन्ही ओटीपी एकदम आले, आणि तिघांचीही मुदत संपलेली होती. तेव्हापासून ती पिन पाकिटाला चिकटपट्टीने लावलेली असते.

## टप्पा ३ : बँक, कार्ड आणि यूपीआय (निघण्यापूर्वी दहा दिवस)

येथे एक मोठा गैरसमज आहे. परदेशात जाऊन भारतीय दुकानातून वस्तू मागवली तर तो व्यवहार "आंतरराष्ट्रीय" होतो असे लोक समजतात, कार्डावरची आंतरराष्ट्रीय सोय चालू करतात, आणि तरीही पैसे गेले नाहीत की बँकेला दोष देतात. व्यवहार देशांतर्गत की परदेशी हे विक्रेता कुठे नोंदलेला आहे यावर ठरते. आपण कुठे बसलो आहोत यावर नाही. भारतातील विक्रेत्याला रुपयांत दिलेले पैसे देशांतर्गतच असतात. त्यासाठी लागते ती "ऑनलाइन व्यवहार" ही सोय.

१ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि स्पर्शविरहित व्यवहार आपोआप सुरू नसतात. ते ग्राहकाने स्वतः सुरू करायचे असतात. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही खटके पाहावेत. भारतीय खरेदीसाठी देशांतर्गत ऑनलाइन चालू असावा, आणि तिथे प्रत्यक्ष खर्च करायचा असेल तरच आंतरराष्ट्रीय चालू करून त्याची मर्यादा प्रवासापुरती ठेवावी. बँकेच्या ॲपमध्ये प्रवासाची सूचना देण्याची सोय असल्यास देश आणि तारखा भरून द्याव्यात.

खरेदीच्या खात्यात कार्ड आधीच जोडून ठेवावे. ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा मूळ क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन (मूळ क्रमांकाच्या जागी वापरला जाणारा सांकेतिक क्रमांक) साठवले जाते, आणि ते तयार करतानाही ओटीपी लागतो. तो भारतात असतानाच दिलेला बरा. काही बँका ओटीपीऐवजी स्वतःच्या ॲपमध्ये मंजुरी घेतात. आपली बँक तसे करत असेल तर ते सुरू करून घ्यावे, कारण मग एसएमएसवरचे अवलंबित्व कमी होते.

यूपीआयच्या बाबतीत नियम सोपा आहे. चालू असलेल्या ॲपला हात लावू नये. यूपीआय ॲप पहिल्यांदा सुरू होताना आपल्या सिमवरून बँकेकडे एसएमएस जातो आणि त्यावरून फोन व क्रमांक जोडला जातो. परदेशात हा जाणारा एसएमएस महाग पडतो, कधी जातच नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी नवा फोन घेणे, ॲप काढून पुन्हा टाकणे, फोन रिसेट करणे हे सर्व टाळावे. नवा फोन घ्यायचाच असेल तर आठवडाभर आधी घ्यावा, कारण नव्या फोनवर सुरुवातीला व्यवहाराची मर्यादा तुटपुंजी असते.

या सर्वांपेक्षा उपयोगी युक्ती अगदी साधी आहे, आणि लोक ती विसरतात. खरेदीच्या ॲपमधील शिल्लक किंवा भेटकार्ड यात निघण्यापूर्वीच दोन-तीन हजार रुपये भरून ठेवावेत. किरकोळ वस्तूंसाठी मग बँक, कार्ड, ओटीपी यांपैकी बहुधा कशाचीच गरज पडत नाही. भेटकार्डाची मुदत मात्र पाहून घ्यावी.

सावधान : घरातल्या कोणाला आपले कार्ड, त्याचा सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा क्रमांक) आणि पिन लिहून देऊन जाऊ नये. घरच्यांनी आपल्या खात्यातून खर्च करावा असे वाटत असेल तर यूपीआय सर्कल ही सोय वापरावी. तीत दुसऱ्या व्यक्तीला महिन्याला १५,००० रुपयांपर्यंतची मर्यादा घालून परवानगी देता येते आणि आपला पिन कोणाला सांगावा लागत नाही.

## टप्पा ४ : खरेदीचे खाते आणि पत्ता

खाते जर "गुगलने लॉगिन" यावर चालत असेल तर त्याला स्वतंत्र पासवर्ड तयार करावा. दुहेरी पडताळणीसाठी एसएमएसऐवजी कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप जोडता आले तर फार उत्तम, कारण ते नेट नसतानाही कोड देते. फोनची वेळ मात्र आपोआप जुळणारी असावी. हाताने घड्याळ बदलणाऱ्यांचे कोड चुकीचे ठरतात.

परदेशात ॲप उघडल्यावर "तुम्ही अमुक देशात आहात, तिथले दुकान दाखवू का?" असा प्रश्न येतो. त्याला नकार द्यावा. होकार दिल्यास किमती दुसऱ्या चलनात दिसू लागतात, टोपलीतल्या वस्तू नाहीशा होतात आणि घरचा पिनकोड चालत नाही. तसेच प्ले स्टोअरचा देश बदलू नये. तो वर्षातून एकदाच बदलता येतो आणि मग भारतीय ॲप मिळताना अडचण येते.

पत्त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण मराठवाड्यातील निम्म्या पार्सलांची फरफट इथेच सुरू होते. आपल्याकडे एका पिनकोडखाली अनेक गावे असतात, तालुका एक आणि टपाल कार्यालय दुसरे असते, शिवाय औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद-धाराशिव अशी जुनी-नवी दोन्ही नावे वेगवेगळ्या याद्यांत आढळतात. जिल्ह्याच्या नावापेक्षा पिनकोड बरोबर असणे महत्त्वाचे. गावाचे नाव, वाडी किंवा वस्ती, जवळची खूण (मारुतीचे पार, जिल्हा परिषद शाळा, पाण्याची टाकी) आणि घेणाऱ्याचे गावात चालणारे नाव असे चार भाग पत्त्यात असावेत. कागदोपत्री नावाने घर सापडत नाही, पण "पाटलांच्या आखाड्याजवळ" म्हटले की सापडते, हा आपल्याकडचा अनुभव नवा नाही. गावापर्यंत सेवाच नसेल तर तालुक्याच्या ठिकाणच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता त्या दुकानदाराला विचारून जोडावा.

पत्त्याखालचा मोबाइल क्रमांक घरी असणाऱ्या व्यक्तीचा टाकावा. आपला टाकला तर वस्तू आणणारा मुलगा परदेशात आपल्याला फोन करतो, रोमिंगचे पैसे आपल्याला पडतात, आणि आपण झोपेत असलो तर पार्सल परत जाते.

तपासणी : पत्ता जोडल्यावर एखादी वस्तू टोपलीत टाकून "या पिनकोडवर पोहोचवता येईल" असे दिसते का ते पाहावे. वस्तू मिळाल्यावर पैसे द्यायची सोय त्या पिनकोडवर आहे का, हेही तेव्हाच कळते. ती असेल तर सगळ्या ओटीपीच्या कटकटीला तो उत्तम पर्याय आहे, फक्त घरी सुट्टे पैसे किंवा क्यूआरवर देणारा माणूस हवा.

## टप्पा ५ : घरी पार्सल घेणारी व्यक्ती

महागड्या वस्तूंवर दारात सांगायचा कोड असतो. काही सेवांत तो पत्त्यावरच्या क्रमांकावर जातो, काहींत खातेदाराच्या क्रमांकावर, मेलवर किंवा ॲपमधल्या ऑर्डरच्या पानावर दिसतो. आपली सेवा कोणत्या प्रकारची आहे हे आधीच्या एखाद्या ऑर्डरवरून पाहून ठेवावे.

कूलरच्या त्या मोटरच्या वेळी कोड माझ्याकडे होता आणि मुलगा दारात उभा होता. आईचा फोन आला, "हा पोरगा नंबर मागायलाय, माझा सांगितला तर म्हणतो हा नव्हं." आईने स्वतःचा मोबाइल क्रमांक सांगितला होता. ती चुकली असे म्हणता येणार नाही. कोणता नंबर, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून घरच्या व्यक्तीला तीन गोष्टी आधीच समजावून सांगाव्यात, आणि शक्य झाल्यास दिनदर्शिकेच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात. दारात सांगायचा कोड वस्तू हातात आल्यावरच सांगायचा. "तुमचे पार्सल अडकले आहे, कोड सांगा" असा फोन आला तर काहीही सांगायचे नाही. आणि बँकेचा ओटीपी कोणालाही, अगदी स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालाही, द्यायचा नाही. दारातला कोड आणि बँकेचा ओटीपी यांत गल्लत होते म्हणून ही ताकीद.

एकमेकांशी बोलण्याची वाटही ठरवून ठेवावी. चीनमध्ये स्थानिक नेटवर व्हॉट्सॲप चालत नाही, आणि तिथे चालणारे वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद आहे. म्हणजे हॉटेलच्या वायफायवर बसलेला मुलगा आणि अंबडमधली आई यांच्यात सोयीचे ॲप उरत नाही. साधा एसएमएस किंवा रोमिंगवरचा एक मिनिटाचा कॉल हेच साधन धरावे. वेळेचा फरकही लिहून ठेवावा. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते, दुबईचे आपल्यामागे दीड तास.

## टप्पा ६ : रंगीत तालीम (निघण्यापूर्वी चार-पाच दिवस)

हा टप्पा सर्वजण गाळतात. घरचे वायफाय बंद करून, केवळ मोबाइल डेटावर, जोडलेल्या कार्डाने शे-दीडशे रुपयांची एखादी वस्तू घरच्याच पत्त्यावर मागवावी. ओटीपी कोणत्या सिमवर आला, दारातला कोड कोणाकडे आला, फोन कोणाला आला, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. याच वेळी सर्व ॲप अद्ययावत करावीत आणि पूर्वीच्या ऑर्डर पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा. यात काही अडले तर ते इथे दुरुस्त करता येते, तिथे नाही.

## टप्पा ७ : तिथे पोहोचल्यावर ऑर्डर देण्याचा क्रम

१. वस्तू शोधणे, किमती पाहणे, तुलना करणे ही कामे हॉटेलच्या वायफायवर किंवा स्थानिक डेटावर करावीत. चित्रांनी भरलेले ॲप रोमिंगवर चालवले तर पॅक बघता बघता संपतो. चीनमध्ये पान अर्धवट उघडत असेल तर वस्तूचे नाव लिहून ठेवून आधी तिसरी पायरी करावी, आणि टोपली व पत्ता रोमिंगवर पाहावा.

२. वस्तू टोपलीत टाकून पत्ता नीट वाचावा. ॲपने "सध्याचे ठिकाण" म्हणून दुसराच पत्ता घेतलेला नाही ना, हे पाहावे.

३. आता वायफाय बंद करावे, डेटासाठी भारतीय सिम निवडावे आणि रोमिंग चालू करावे. ॲप एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे, म्हणजे ते नव्या जाळ्यावरून जोडले जाते. ही पायरी चुकवल्यास व्यवहार अर्धा एका जाळ्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर होतो आणि बँकेचे पान मध्येच तुटते.

४. एखादा छोटा संदेश भारतीय सिमवर येतो का ते पाहावे. घरच्या व्यक्तीला एक एसएमएस पाठवायला सांगणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे.

५. पैसे भरावेत आणि ओटीपी येईपर्यंत पान सोडू नये. परदेशात एसएमएस यायला कधी मिनिटभर लागतो; वीस सेकंदांनी "पुन्हा पाठवा" दाबल्यास पहिला निरुपयोगी होतो आणि दोन्ही एकदम येऊन गोंधळ होतो.

६. ऑर्डर क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्यावा, तो घरी पाठवावा, आणि रोमिंग डेटा लगेच बंद करावा. सिम बंद करू नये, कारण दारातला कोड अजून यायचा असतो.

सावधान : विमानतळावरच्या किंवा उपाहारगृहातल्या मोफत वायफायवर पैसे भरू नयेत. आणि कोणी "हे ॲप इथे चालण्यासाठी ही फाइल टाका" म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवण्याची फाइल) दिली तर ती फोनमध्ये घेऊ नये. प्ले स्टोअर नसलेल्या ठिकाणी लोक याच वाटेने फसतात.

## टप्पा ८ : अडल्यास काय करावे

ओटीपी येत नसेल तर फोन अर्धा मिनिट विमान मोडमध्ये ठेवून परत आणावा. तरीही नाही आला तर सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी हाताने दुसरी स्थानिक कंपनी निवडावी. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा एवढ्यानेच संदेश येतो. मेलवर ओटीपी पाठवण्याचा पर्याय असला तरी मेल जीमेलवर असेल आणि आपण चीनच्या वायफायवर असू, तर तो दिसणार नाही हे लक्षात ठेवावे. तो रोमिंगवरच उघडावा.

तीन वेळा प्रयत्न फसला तर थांबावे. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला बँक कार्ड तात्पुरते रोखण्याची शक्यता असते, आणि मग तिथले हॉटेलचे बिलही अडते. ऑर्डर घरच्या दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यातून देऊन मोकळे व्हावे.

पैसे कापले गेले पण ऑर्डर झाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशा फसलेल्या ऑनलाइन व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत जमा व्हायला हवी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची असते. संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. पैसे आपण न केलेल्या व्यवहारात गेले असतील तर मात्र क्षणभरही थांबू नये. बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करावे आणि घरच्यांना १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगावे.

## टप्पा ९ : वस्तू तिथेच हवी असल्यास

आपले भारतीय ॲप तिथल्या हॉटेलवर वस्तू आणून देत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये. ॲमेझॉनचे भारतातले लॉगिन अमिरातीतील त्याच्या दुकानावर सहसा चालते, परंतु तिथे स्थानिक मोबाइल क्रमांक व पत्ता लागतो. चीनमध्ये ॲमेझॉनने स्थानिक विक्रेत्यांचे दुकान जुलै २०१९ मध्येच बंद केले. तिथे अलीपे किंवा वीचॅट पे या पैसे भरण्याच्या चिनी ॲपांत परदेशी कार्ड जोडून खर्च करता येतो. येथे मात्र कार्डावरची आंतरराष्ट्रीय सोय खरोखर लागते. अलीपेवर परदेशी कार्डाने २०० युआनपेक्षा मोठा व्यवहार केल्यास ३ टक्के शुल्क लागते, आणि बँकेचे चलन बदलण्याचे शुल्क त्यावर वेगळे. पासपोर्टची पडताळणी आणि कार्ड जोडणी भारतातच करून घ्यावी. पैसे भरताना "रुपयांत भरायचे का?" असे विचारले तर स्थानिक चलनच निवडावे, रुपयांचा दर तिथे चढा लावलेला असतो. पत्ता हॉटेलच्या स्वागतकक्षाकडून त्यांच्या लिपीत लिहून घ्यावा आणि खोली सोडण्याच्या तारखेआधी वस्तू येईल एवढीच मागवावी.

## टप्पा १० : परत आल्यावर

कार्डावरची आंतरराष्ट्रीय सोय बंद करावी, यूपीआय सर्कलमधली परवानगी नको असल्यास काढावी, अलीपे-वीचॅट पेमधून कार्ड हटवावे आणि बाहेरचे ई-सिम फोनमधून पुसावे. मागवलेल्या वस्तू घरी आल्या आल्या उघडून पाहाव्यात, कारण परत करण्याची मुदत अनेकदा सात ते दहा दिवसांचीच असते, आणि ती आपण घरी परतण्याआधीच संपू शकते. ज्या वस्तूत माप, रंग किंवा जोडणीचा प्रश्न आहे ती परदेशातून मागवू नये. माझी ती मोटर दारात बरोबर आली, पण तिचा पाइप जुन्या कूलरला अर्धा इंच लहान निघाला आणि मी परतेपर्यंत मुदत उलटून गेली होती.